मदत हवी आहे: कार्टूनमधली दोस्ती रंगांतून कशी दाखवतात?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. सुट्टीत या विषयावर एक सत्र घ्यायचंय.

डोरेमॉन निळा, नोबिताचा शर्ट पिवळा. शेजारी उभे राहिले की दोघंही उठून दिसतात. मोटूचा कुर्ता लाल, पतलूचा पिवळा. दोन्ही उष्ण रंग, म्हणून जोडी एकत्र वाटते. वेगळेपण आकारात, एक गोल अन् एक काडी. (आमची पोरं याला सरळ 'हळदीकुंकू' म्हणतात. हळदीचं गाव, दुसरं काय सुचणार!) मला सगळ्यात आवडतं ते 'माय लिटल पोनी'मधलं. सहा पोनी (छोट्या घोड्या) मैत्रिणी, त्यांचे रंग वेगवेगळे, पण मांडीवरच्या खुणा उमटतात त्या एकाच इंद्रधनुषी स्फोटामुळे, सहाजणींची एकत्र ओळख व्हायच्याही आधी.

अडलंय ते भांडणापाशी. दोस्तांचं फाटलं की रंग फिके होतात, पार्श्वभूमी बदलते, किंवा एकाच्या अंगावर दुसऱ्याचा रंग येतो, असा प्रसंग कुठल्या मालिकेत आहे? भाग नेमका सांगितलात तर फार बरं. मुलं पाचवी ते सातवीची, हिंदी किंवा मराठी डबिंग हवं. मारामारी कमी असलेलं बघा, पालक लगेच फोन करतात.