शंभर फुटाला एक टन म्हणणाऱ्यांसाठी

डक्टातला_माणूस
काल एका भावाने पोस्ट टाकली: "एसीला डिझाइनर म्हणजे भेळेला आचारी. शंभर फुटाला एक टन. दुकानात जा, पैसे मोजा, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

एकोणीस वर्षं कोल्हापुरात हेच एसी डिझाइनचं काम करतोय. मागच्या उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी बोलावलं. चार हजार चौरस फुटांचा हॉल, ह्याच हिशोबाने चाळीस टन बसवलेले, आणि अक्षता पडायच्या आत नवरीचा मेकअप गळ्यापर्यंत आलेला. मालक म्हणे मशीनच खराब. मशीन ठणठणीत होतं. पण आत आठशे माणसं. माणूस गप बसला तरी सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे साडेतीन किलोवॉटचा टन धरला तर नुसत्या पाहुण्यांचेच अठ्ठावीस टन. एवढ्या लोकांना श्वासापुरती बाहेरची हवा घ्यायची तर एप्रिलच्या दुपारी जवळपास तेवढेच आणखी. वर पत्रा, मागून पंगतीची वाफ, आणि वरात येणार म्हणून दारं सताड उघडी. हिशोब मात्र फुटाचा. फुटाला घाम येतो का?

उलट मधल्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीच्या बारा बाय बारा बेडरूमला एक टन पुरून उरतो. तिथं दुकानदार दीड टन गळ्यात मारतो.

शाहूपुरी_शटर
"गळ्यात मारतो" हा शब्द मागे घ्या साहेब. बावीस वर्षं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "थंड पाहिजे, संध्याकाळपर्यंत पाहिजे." त्याला तुमची एक्सेल शीट दाखवू? एक टन बसवला आणि मे महिन्यात चार पाहुणे आले की शिव्या मला बसतात, तुम्हाला नाही. म्हणून दीड देतो. आणि आता बहुतेक एसी इन्व्हर्टर आहेत, लागेल तेवढंच चालतात. मोठा घेतला म्हणून काय बिघडलं?

डक्टातला_माणूस
@शाहूपुरी_शटर बुरशी आली, हे बिघडलं. आपल्याकडे जुलैत बाहेर पंचवीस-सव्वीस डिग्री असते आणि हवा ओली चिंब. खोली गार करायचं काम जवळजवळ नसतंच, काम असतं हवेतलं पाणी काढायचं. मोठं मशीन दहा मिनिटांत आकडा गाठतं, मग कॉम्प्रेसर मंद होतो, आतली गार नळ्यांची कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी हवेतच राहतं. माणूस चोवीसवर पांघरूण घेऊन झोपतो आणि कपाटातल्या पैठणीला वास येतो. विलिस कॅरिअरने 1902 साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हे यंत्र आखलं ते दमटपणाने कागद फुगतो आणि रंग जागेवर बसत नाहीत म्हणून. गारवा हा वरकड फायदा.

आणि टन टन करता, टन कसला ते माहीत आहे? एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो, बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी. आपले साडेतीन किलोवॉट. त्यात फूट कुठून आला?

सूतगिरणी_इचल
ओल्या हवेवरून आठवलं. आमच्याकडे उलटं दुखणं. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून लूमच्या शेडमध्ये मुद्दाम ओलावा सोडायचा. मालक म्हणतो, "पंखे आहेत की." मग तुटलेला धागा कामगाराच्या नावावर. बाकी चालू द्या.

बीमखाली_उभा
मी आर्किटेक्ट. डिझाइनर लोकांचं एवढं कौतुक नको. स्लॅब पडल्यावर हे उगवतात आणि म्हणतात, "इथून गार हवेची दीड फुटाची डक्ट जाईल." बीम काय बटाटावडा आहे भोक पाडायला? शेवटी फॉल्स सीलिंग साडेसात फुटावर येतं आणि क्लायंट मला विचारतो, एवढं बुटकं का.

डक्टातला_माणूस
@बीमखाली_उभा स्लॅब पडल्यावर उगवतो कारण बोलावता तेव्हाच! राजारामपुरीत पश्चिमेला अख्खी साधी काच लावायची, दुपारी चारला चौरस मीटरमागे पाचशे वॉट आत घ्यायचे आणि मग आम्हाला सांगायचं, "जरा अ‍ॅडजस्ट करा." ऐंशी फूट काच एकटी एक टन खाते. आणि फी? "अहो, कंपनीवाला ड्रॉइंग फुकट देतो." देणारच, त्याला मशीन विकायचंय.

मिसळ_कट
भांडण लई भारी चाललंय, पण माझ्या एसीचं पाणी कुठं सोडू ते सांगा की कुणीतरी. खालच्या काकू रोज वर बघून शिव्या घालत्यात.

तळमजला
वर बघून शिव्या घालणारी मीच असेन, नसले तरी तिची बहीण आहे. तुमच्या टनांचं तुम्ही बघा. आमच्या छज्ज्यावर रात्रभर टप टप टप. पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर तरी पाणी टाकतो, मी बादली लावून मोजलंय. तुळस कुजली, मुलाच्या गाडीची सीट फुगली. वरच्यांना सांगितलं तर म्हणाले, "काकू, शुद्ध पाणी आहे, झाडांना चांगलं." मग तुमच्या उशीवर सोडा की.

मिसळ_कट
पण ते पाणी बॅटरीत घालत्यात की आमच्यात. डिस्टिल्ड असतंय.

डक्टातला_माणूस
बॅटरीत घालू नका. कॉइलवरची धूळ आणि धातू धुऊन आलेलं पाणी आहे ते.

शाहूपुरी_शटर
दहा वर्षं घालतोय. बॅटरी चालू आहे.

मिसळ_कट
हे बघा, शटरमालकांनी सांगितलं. मी घालणार.

बीमखाली_उभा
ह्या ड्रेन पाइपनी बिल्डिंगचं तोंड विद्रूप केलंय. एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, काढायला मी दोन महिने घालवतो आणि वर सलाइन लावल्यासारख्या नळ्या लोंबतात.

तळमजला
तुमच्या एलिव्हेशनला पाइपासाठी जागा का नाही, हे आधी सांगा.

बीमखाली_उभा
ते माझं काम नाही.

शाहूपुरी_शटर
माझंही नाही. फिटिंगवाला तीन मीटर पाइप देतो, पुढचं गिऱ्हाइकाने बघायचं.

डक्टातला_माणूस
बघा आता! मीटरला एक सेंटिमीटर उतार, मध्ये कुठे उलटी कमान नाही, आणि पाइप थेट पावसाच्या पाण्याच्या नळात. ड्रॉइंगवर ही एक रेघ असते. भेळेचा आचारी ती काढतो.

शाहूपुरी_शटर
@डक्टातला_माणूस रेघांचं कौतुक पुरे. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत कंबरेएवढं पाणी होतं. गिऱ्हाइकांच्या एसीचे बाहेरचे डबे मी आणि दोन पोरांनी हातांनी सोडवून गच्चीवर नेले. त्यातली तीन युनिट एका डिझाइनरच्या ड्रॉइंगप्रमाणेच जमिनीवर दीड फुटाच्या कट्ट्यावर बसवली होती. त्या साहेबांनी फोनसुद्धा उचलला नाही.

डक्टातला_माणूस
तो मी नव्हे, पण मुद्दा मान्य. 2021 ला माझ्या स्वतःच्या एका क्लिनिकचं युनिट बुडालं, कारण मी 2019 च्या पुराची रेषा गृहीत धरली नव्हती. तेव्हापासून पंचगंगेकडच्या प्रत्येक कामात आधी शेजाऱ्याच्या भिंतीवरचा पुराचा डाग मोजतो. हे तुमच्याकडूनच शिकायला हवं होतं. झालं समाधान?

शाहूपुरी_शटर
अर्धं. बारा बाय बाराला एक टन देऊन बघतो, पण बिलावर तुमचा नंबर लिहिणार. मे महिन्यात गिऱ्हाईक तुमच्याकडे.

डक्टातला_माणूस
लिहा. आधी पश्चिमेची भिंत आहे का, वर गच्ची आहे का, एवढे दोन प्रश्न विचारा म्हणजे झालं.

मिसळ_कट
माझी पश्चिमेची बी हाय आणि वर गच्ची बी हाय. दुकानात कुणी विचारलं न्हाई.

तळमजला
आणि खाली मी आहे. पाइप कोण हलवणार?