फेंडी-स्किम्ससारखी जोडी सोलापूरच्या टॉवेलला जमेल का?

ताणाबाणा: रोमच्या फेंडी या महागड्या फॅशन ब्रँडनं २०२१ च्या नोव्हेंबरात किम कार्दाशियनच्या स्किम्स या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडबरोबर कपडे काढले, शेपवेअरपासून (अंग आवळून धरणारे आतले कपडे) चामड्याच्या ड्रेसपर्यंत. त्याच धर्तीवर सोलापुरी टेरीचा (टॉवेलच्या लूपवाल्या कापडाचा) बाथरोब आणि एखाद्या अंतर्वस्त्रवाल्या ब्रँडची ब्रा असा सेट ऑनलाइन काढावा. गिऱ्हाईक रंग, काठ, माप निवडेल, सेट पडद्यावर दिसेल. टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहेच, ते चादरीच्या मागं किती दिवस लपवायचं?

फ्लॅटलॉक: रंग निवडू दिला की फसलात. टेरी सुती, त्याला रिअ‍ॅक्टिव्ह डाय. ब्राचं कापड नायलॉनचं, त्याला अ‍ॅसिड डाय. ट्यूबलाइटखाली जुळलेला मरून उन्हात दोन मरून दिसतो. पडद्यावर तर तिसराच! तीन शेड ठरवा, दोन्ही कापडांचे लॅब डिप (रंगवलेले छोटे नमुने) दोन्ही उजेडात तपासा, मगच विक्रीला लावा. त्यातही गडद टेरी नीट धुतली नसेल तर रंग सुटून स्किन कलरच्या ब्रावर बसणार.

मापपट्टी: रंग राहू द्या, माल परत येतो मापामुळं. छातीखालचा घेर ३० इंच, छाती ३६. जुन्या पद्धतीत घेरात ४ मिळवतात, मग साइझ ३४-बी. न मिळवता काढलं तर ब्रिटिश मापात ३०-ई. बाई तीच! दोन ब्रँडचे दोन तक्ते एका पानावर ठेवले तर गिऱ्हाईक रोबचं माप ब्राला लावणार. आणि घालून परत आलेली ब्रा पुन्हा विकता येत नाही.

ताणाबाणा: म्हणून तर प्रश्न विचारणारं पान हवं. दोन मापं विचारा, तक्ता एकच ठेवा, जवळची सिस्टर साइझ, म्हणजे घेर बदलून कप तेवढाच राहणारं माप, सुचवा: ३४-सीचा घेर घट्ट वाटला तर ३६-बी. रोबला एस-एम-एल पुरे.

मापपट्टी: आणि साठा? पाच घेर, चार कप, तीन शेड म्हणजे ६० प्रकार. प्रत्येकी २५ नग धरले तरी १,५०० ब्रा. मधल्या मापांचा माल पहिला उठतो, कडेचा पडून राहतो.

फ्लॅटलॉक: युनिफॉर्म शिवायच्या मशीनच्या लाइनीवर ब्रा शिवायचा मोह तर अजिबात नको. साध्या लॉकस्टिचचा टाका इलास्टिकबरोबर ताणला जात नाही, दोरा तुटतो. तिथं झिगझॅग लागते. कापडही ताग्यातून उलगडून २४ तास मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर कापल्यावर आखडतं.

ताणाबाणा: ब्रा भागीदारानंच शिवावी, वाद नाही. रोब आपला.

फ्लॅटलॉक: मग पॅकिंगचं बघा. हुक उघडा राहिला की टेरीच्या लूपमध्ये अडकतो, एक लूप ओढला की शेजारचे लूपही ओढले जातात. हुक लावून ब्रा वेगळ्या पाउचमध्ये घाला. रोबची आतली बाजू वेलूर, म्हणजे लूप कातरलेली घेतली तर अडकणं थांबतं, पण पाणी कमी शोषतं.

मापपट्टी: मग तो सोलापुरी टॉवेल कसला?