पॉश आणि मुंबईची बोट

मुंबईला येताना डावीकडची, विलायतेला परतताना उजवीकडची गार केबिन, म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ आणि त्यातून ‘पॉश’, ही ‘पॉश’ शब्दाची नेहमी सांगितली जाणारी व्युत्पत्ती चटकदार आहे, पण पटत नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची टूमही मुख्यतः विसाव्या शतकातली.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धी पेनी, पैसा; शिवाय छानछोकी माणूसही. ‘अर्धी पेनी’ बहुधा रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या, भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आली. रोमानी तर मुळात आपल्याच भाषाकुळातली! तो शब्द संस्कृत ‘पार्श्व’पासून निघाल्याचं मानतात, म्हणजे आपल्या ‘पाशी’चा चुलतभाऊच. पैशावरून श्रीमंती थाटाकडे अर्थ सरकला असावा. त्याचा सज्जड पुरावा मात्र नाही.