स्टेडियमची जागा निवडताना: जाणकारांचे अनुभव

फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमची बातमी आली की चर्चा छप्पर, खुर्च्या आणि खर्चाभोवतीच फिरते. जागा त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते, आणि ती चुकली तर पुढे छप्पर कितीही देखणं घाला, उपयोग होत नाही. वाहतूक, गर्दी, पाया, कागदपत्रं, हिरवळ यांपैकी ज्याला जे येतं त्याने ते लिहावं. आठवणी नकोत. आकडे द्या, कामाचा क्रम द्या, कुठे बिघडतं आणि का तेही लिहा, असं जाणकारांना सांगितलं. त्यांची उत्तरं खाली आहेत.

वाहतूक नियोजन

सगळ्यात आधी एकच हिशेब मांडा: शेवटची शिट्टी वाजल्यावर पहिल्या तासात किती माणसं कशाने घरी जाणार? येताना लोक दोन-तीन तासांत विखरून येतात, जाताना सगळे एकदम उठतात. ५०,००० प्रेक्षकांपैकी ४० टक्के रेल्वेने जाणार असतील तर २०,००० माणसं झाली. गाडीत हजार बसतात असं धरलं तर वीस गाड्या लागतात, म्हणजे तासभर दर तीन मिनिटांना एक, आणि तीही रिकामी आलेली. रविवारी रात्रीच्या वेळापत्रकात हे बसतं का ते आधी पाहा.

'स्टेशन जवळच आहे' एवढ्यावर कधीही विसंबू नका. लंडनचा आर्सेनल क्लब २००६ मध्ये हायबरी या जुन्या मैदानाहून साधारण अर्ध्या किलोमीटरवर नव्या मैदानात गेला. होलोवे रोड हे भुयारी रेल्वेचं स्टेशन त्याच्या अगदी शेजारी आहे, पण फलाटावर उतरायला लिफ्ट आणि गोल जिना एवढंच. त्यामुळे सामन्याच्या दिवशी तिथे निर्बंध घालावे लागतात. तरीही गर्दी निभते, कारण आर्सेनल, फिन्सबरी पार्क आणि हायबरी अँड इझलिंग्टन ही स्टेशनंही चालत जाण्याजोगी आहेत. एका मोठ्या स्टेशनपेक्षा तीन-चार दिशांची साधी स्टेशनं मी केव्हाही पत्करेन.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधल्याच कॉव्हेंट्री शहराचं. नवं स्टेडियम २००५ मध्ये उभं राहिलं, शेजारचं स्टेशन उघडलं २०१६ मध्ये. तेही सुरुवातीला सामना संपल्यावर तासभर बंद ठेवावं लागे, कारण त्या मार्गावरची छोटी गाडी एवढी गर्दी उचलूच शकत नव्हती.

गर्दी आणि सुरक्षा

वर स्टेशनचं आलं, मी स्टँडपासून रस्त्यापर्यंतचं लिहितो. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला ८२ माणसं आणि जिन्यावर ६६ माणसं हा कमाल दर धरतात. स्टँड रिकामा व्हायला जास्तीत जास्त आठ मिनिटं. म्हणजे ३०,००० प्रेक्षकांना सपाट वाटांची एकूण रुंदी ४६ मीटर हवी, सगळे जिने असतील तर ५७. इमारतीत हे जमवता येतं. पेच बाहेर पडतो. एवढा लोंढा बारा मीटरच्या एकाच रस्त्यावर उतरणार असेल, आणि तिथे दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील, तर आतली रुंदी वाया गेली.

म्हणून जागेच्या किती बाजू खरोखर मोकळ्या आहेत ते मोजा. एका बाजूला नदी, दुसरीला रेल्वे, तिसरीला कारखान्याची भिंत असेल तर ती जागा स्वस्त का मिळतेय ते कळतं. आर्सेनलची जागा रेल्वेमार्गांच्या बेचक्यात होती, तिथे रुळांवरून दोन रुंद पादचारी पूल बांधावे लागले. जागेची किंमत काढताना पुलांचा खर्च तिच्यातच धरा.

पार्किंगचाही भ्रम नको. फिरायच्या वाटा धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. पाच हजार मोटारी म्हणजे साडेबारा हेक्टर, आणि मोटारीत तिघे धरले तरी प्रेक्षक फक्त १५,००० आले. शिवाय त्या सगळ्या मोटारी बाहेर पडणार एकाच वेळी.

पाया आणि जमीन

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबची नवी जागा अभ्यासावी अशी आहे. जुन्या गुडिसन पार्क मैदानाभोवती घरांची दाटी, वाढायला वाव नाही. नव्या स्टेडियमची किंग्ज डॉक इथली योजना २००३ मध्ये पैशांअभावी कोसळली, कर्कबीची सरकारने २००९ मध्ये नाकारली, वॉल्टन हॉल पार्कची २०१६ मध्ये सोडून दिली. शेवटी मर्सी नदीकाठची ब्रॅम्ली-मूर गोदी निवडली. ही गोदी १८४८ ची, तिच्या भिंती संरक्षित.

गोदीत आधी न फुटलेल्या बॉम्बचा शोध घ्यावा लागला, मासे शेजारच्या गोदीत हलवले. मग आयरिश समुद्राच्या तळाची वाळू जहाजांनी आणून पंपाने आत सोडली, सुमारे साडेचार ते पाच लाख घनमीटर. अशी भरलेली वाळू सैल असते, तिच्यावर थेट पाया घातला तर एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचेल. म्हणून ती कंप देऊन दाबतात आणि स्टँडचा भार पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर, घेतात. जुन्या भिंती पाडायच्या नव्हत्या, म्हणून वाळू भरून त्या आत तशाच राखल्या, आणि पश्चिमेला पाण्याचा एक पट्टा मोकळा ठेवला. ५२,००० हून अधिक आसनांचं हे स्टेडियम २०२५ मध्ये सुरू झालं.

एवढं करूनही त्याची किंमत शहराने मोजली. लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा २०२१ मध्ये गेला, त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. आणि वाहतुकीचा हिशेब काही सुटत नाहीच: जवळचं सँडहिल्स स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तिथे रांगेसाठी बाहेर वेगळं आवार बांधावं लागलं.

साध्या जागेवरही व्यवहार पक्का करण्याआधी बोअर घ्या, म्हणजे खोल भोकं पाडून माती तपासा, आणि ते फक्त मध्यभागी नकोत, चारही स्टँडखाली हवेत. मैदानाचा भार नगण्य असतो, भार स्टँडचा आणि छपराचा. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर हे फारच महत्त्वाचं, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

परवानगी आणि कागद

रिकामी दिसणारी जागा क्वचितच रिकामी असते. आर्सेनलच्या जागेवर कचरा हाताळणी केंद्र होतं. आधी त्याच्यासाठी दुसरी जागा, तिथे नवं बांधकाम, मग इथला ताबा. हा क्रम उलटा करता येत नाही, वेळापत्रकात तो सगळ्यात वर लिहा.

परवानगीतल्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन क्लबने २००३ मध्ये २५,००० आसनांचं स्टेडियम उघडलं, पण परवानगी १०,००० प्रेक्षकांचीच होती, आणि प्रत्यक्षात तेवढेही येत नव्हते. २०१२ मध्ये क्लबला ते सोडावं लागलं. आसनांचा आकडा ठरवायचा तो गेल्या दहा हंगामांच्या हजेरीवरून.

आणि नवं पूर्ण होईपर्यंत जुनं विकू नका. इंग्लंडमधल्याच ब्रायटन क्लबचं गोल्डस्टोन मैदान १९९७ मध्ये गेलं, फाल्मरचं नवं घर मिळालं २०११ मध्ये. मधली चौदा वर्षं क्लब आधी जिलिंगममध्ये, मग विदडीनच्या अॅथलेटिक्स मैदानावर खेळला. फाल्मरची जागा मात्र उत्तम, रेल्वे स्टेशन दारातच.

हिरवळ आणि दिशा

मैदान १०५ बाय ६८ मीटरचं, लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण. मुख्य स्टँड आणि कॅमेरे पश्चिमेला, म्हणजे मावळता सूर्य पाठीशी राहतो. जागा पूर्व-पश्चिम आडवी मिळाली तर गोलरक्षकाच्या डोळ्यांत ऊन जातं. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या छपराची सावली हिवाळ्यात मैदानाच्या त्या टोकावर पडून राहते, तिथलं गवत आधी विरळ होतं आणि दिवे लावून जगवावं लागतं.

मुंबईपुरतं

मुंबई सिटी हा फुटबॉल क्लब २०१६ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून अंधेरीला आला. आसनं खूपच कमी झाली, पण आझाद नगर मेट्रो स्टेशन जवळ मिळालं. नेरूळचं स्टेडियम क्रिकेटच्या गोल मैदानाचं, त्यामुळे फुटबॉलची रेषा खुर्च्यांपासून लांब पडते. लांबच्या कोपऱ्यातला चेंडू दिसायला १९० मीटर ही कमाल मर्यादा मानतात, १५० च्या आत असेल तर उत्तम.

इथे जागा पाहायची तर दोनदा जा. एकदा जुलैत, भर पावसात, भरतीच्या वेळी, पाणी कुठे तुंबतं आणि किती वेळात ओसरतं ते पाहायला. दुसऱ्यांदा रात्री साडेनऊच्या सुमारास, सामना संपायच्या वेळी. गेटच्या जागेपासून स्टेशनपर्यंत स्वतः चालत जा, पदपथ कुठे तुटतो, फेरीवाले कुठे बसतात, दिवा कुठे नाही ते टिपून ठेवा आणि फलाटावर पोचल्यावर पुढची गाडी किती मिनिटांनी आहे ते लिहा.