मदत हवी आहे: तारांची जाळी कशीही फिरवली तरी सिग्नल तेवढाच

चिक्कोडीकर
पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना प्रदर्शनात रेडिओ लहरींचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरीतलं विद्युत क्षेत्र एकाच दिशेत डोलतं ते, दाखवायचंय. तांब्याच्या समांतर तारांची जाळी केली. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या मधे उभी धरली, आडवी धरली, आकडा हलतच नाही! प्रदर्शन शनिवारी आहे. काय करायचं ते लवकर सांगा.

निपाणी वायरमन
तार मोटर वाइंडिंगची असणार. वरचं इनॅमल पॉलिश पेपरनं घासून काढा, नंतर सगळ्या तारा एकमेकींना जोडा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी इनॅमलच्याच असतात.

घाटप्रभा
इनॅमलचा इथं काही संबंध नाही ओ. प्रवाह प्रत्येक तारेत तिच्या लांबीवरच मागे-पुढे होतो, तारा जोडायची गरज नाही.
सर, फ्रिक्वेन्सी किती? तारांत अंतर किती? फ्रेम केवढी आणि कशाची?

चिक्कोडीकर
फ्रिक्वेन्सी गेटच्या रिमोटला असते तीच, ४३३ मेगाहर्ट्झ. अंतर १ सेंमी. फ्रेम जुन्या खिडकीची, अ‍ॅल्युमिनियमची, फूटभर चौरस. प्रयोग वर्गातच करतोय. हे सगळं ठीक आहे, जाळी का चालत नाही ते बोला.

शहापूरची ताई
दोरी आणि कुंपणाचं उदाहरण आठवा. कुंपणाच्या उभ्या फटीतून दोरीची उभी लाट जाते. म्हणून तारा लहरीला समांतर धरा, मगच सिग्नल पार होईल. आम्ही वर्गात असंच शिकवतो.

घाटप्रभा
ताई, इथं नेमकं उलटं होतं. विद्युत क्षेत्र तारेच्या दिशेत असलं की तारेतले इलेक्ट्रॉन लांबवर धावतात. त्या प्रवाहातून निघणारी लहर पुढच्या बाजूला मूळ लहरीला मारते आणि मागे परावर्तन होतं. क्षेत्र तारांना काटकोनात असेल तर इलेक्ट्रॉनना हलायला तारेच्या जाडीएवढीच जागा, म्हणून लहर पार जाते. दोरीचं उदाहरण मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं आणि पुढे निघता निघत नाही.

शहापूरची ताई
पण ध्रुवीकरण म्हणजे काय हे त्यातूनच पोरांना कळतं. उदाहरण टाकून देऊ नका.

घाटप्रभा
कळतं, मान्य. पण दिशा उलटी सांगायची नाही.
सर, तुमची अडचण फ्रेमची आहे. ४३३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ६९ सेंमी. फूटभर जाळीला ती लहर सहज वळसा घालते, शिवाय भिंतींवरून परतून येते. त्यात धातूची चौकट, ती फिरवली तरी फारसा फरक नाही. १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झनं ६६ सेंमीच्या लहरींसाठी चक्क २ मीटर उंच अष्टकोनी चौकट केली होती, १ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारा, ३ सेंमी अंतरावर.

हिंडलगा
मग कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणा, पाहिजे तेवढी मोठी मिळते.

निपाणी वायरमन
तिच्यात तारा सगळ्या दिशांनी विणलेल्या असतात. कुठलीही लहर अडणार, फिरवून काय दिसणार? एवढं मलाही कळतं.

खानापूरचा रेडिओवेडा
जगदीशचंद्र बसूंनी तर रेल्वे वेळापत्रकाच्या पुस्तकाच्या पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घालून ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेची लहर पार सोडणारी चाळणी, केला होता! त्यांच्या लहरी मिलिमीटरच्या, म्हणून पुस्तक पुरलं. जाता जाता, घाटाखाली धारवाड आकाशवाणी कुणाला नीट लागते का? अँटेना कोणती लावली?

चिक्कोडीकर
रेडिओचं नंतर. २ मीटरची चौकट मी शनिवारपर्यंत कुठून आणू?

घाटप्रभा
आणूच नका. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये विचारा, गन डायोडचा एक्स-बँड बेंच असतो, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या आसपासचा ट्रान्समीटर-रिसीव्हरचा तयार संच. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंमी, म्हणजे तुमची फूटभर जाळी तिथं दहा तरंगलांबींची झाली. मात्र १ सेंमी अंतर थोडं जास्त आहे, मधे आणखी एकेक तार ओढा. चौकट लाकडी करा. हॉर्नच्या, म्हणजे कर्ण्यासारख्या अँटेनाच्या, तोंडाची लांब बाजू आडवी असेल तर क्षेत्र उभं असतं. तारा उभ्या धरल्या की रिसीव्हरच्या मीटरवरचा आकडा पडेल, आडव्या केल्या की चढेल.
शेवटी रिसीव्हरचा हॉर्न ९० अंशांत वळवा, मीटर शून्यावर येईल. मग मधे जाळी ४५ अंशांत तिरकी धरा. जाळी घातल्यावर सिग्नल परत येतो, जाळीशिवाय दोन्ही हॉर्न सरळ असतानाच्या जवळपास चौथाई. मुलं ह्याच्यावर भांडतील, भांडू द्या.

चिक्कोडीकर
उद्या बेळगावला जातो. लाकडी चौकट कुणाकडे तयार आहे का, टिळकवाडीच्या आसपास?

हिंडलगा
कॅरमची जुनी चौकट चालेल का?