ऑर्डर आहेत, किलोमागे उरतं काय?

सांगली जिल्ह्यातल्या मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीतल्या ओतकामाच्या कारखान्यांना मागणीच उरली नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या पट्ट्यात ओतकामाची आणि पंपांची जाण आहे. पंप-व्हॉल्व्हचं कास्टिंग (ओतीव भाग) उद्याही लागेल. खरी काळजी निव्वळ डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर जगणाऱ्यांची आहे.

छोट्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, दुखणं हिशेबात आहे. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज धरा. रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या-पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड) वजा जाता ६५० किलो माल, त्यात ८ टक्के रिजेक्शन (खराब निघालेला माल), म्हणजे हातात ५९८ किलो. चांगल्या मालाला किलोमागे एक युनिट! रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलं, तर त्याच विजेत २६ किलो जास्त.

रिजेक्शन बहुतेकदा साच्याच्या वाळूतून येतं. परतीची (एकदा वापरलेली) वाळू गरम असतानाच मिक्सरला टाकली की ओलावा उडतो, ती पॅटर्नला (साचा पाडायच्या नमुन्याला) चिकटते, साचा ढासळतो. मग कामगार अंदाजाने पाणी वाढवतो आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूने पडलेली भोकं) निघतात. वाळू आधी थंड करा, ओलावा ३ ते ४ टक्के ठेवा आणि प्रत्येक पाळीत मोजा. भट्टीचं झाकण उघडं ठेवणंही थांबवा, उष्णता फुकट जाते.

उधारीबद्दल: सूक्ष्म-लघु उद्योगाची ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाला पैसे द्यायला लेखी करारातही ४५ दिवसांच्या वर मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. बिलावर नोंदणी क्रमांक छापाच.