अर्जेंटिनासारखा स्टेक घरच्या तव्यावर: कुठला तुकडा मागायचा?

नेरूळ_सहावा_मजला:
कामानिमित्त ब्वेनोस आइरेसला राहून आलोय. तिथल्या कोळशावर भाजणाऱ्या साध्या खानावळीत बिफे दे चोरिसो खाल्लं, म्हणजे पाठीचा, चरबीची कड असलेला जाड तुकडा. मसाला नाही, फक्त मीठ, बाजूला पाव आणि चिमिचुरीची, म्हणजे पार्सली-लसणाच्या आंबट हिरव्या चटणीची वाटी. ती चव डोक्यातून जात नाही. घरी गॅस आणि बिडाचा तवा आहे, बाल्कनीत शेगडी पेटवायला सोसायटीची मनाई. बीफवाल्याकडे काय मागू? बायको म्हणते कच्ची पपई चोळ.

ऐरोलीकर:
पपई, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा आणि कुकरला दोन शिट्ट्या काढून मग तव्यावर घ्या. आमच्याकडे असंच करतात, मऊ होतं.

तलावपाळीचा_आचारी:
ऐरोलीकर, तुमचं ते सुकं छान होत असणार, पण दादांना हवं ते हे नाही. मी ठाण्याचा, ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातला, मालवाहू जहाजांवर आचारी होतो. धान्य भरायला आमचं जहाज अर्जेंटिनातल्या रोसारिओ बंदराला लागायचं. धक्क्यावरचे कामगार दुपारचं मांस स्वतः भाजायचे. लाकूड एका बाजूला जळायचं आणि नुसते निखारे फावड्याने जाळीखाली ओढायचे, ज्वाळ मांसाला लागू द्यायची नाही. जाळीवर हात धरून आच बघायची. बरगड्यांची आडवी कापलेली पट्टी हाड खाली करून तास-दीड तास तशीच. कोणी मधेमधे टोचत बसायचं नाही. भाजणाऱ्याला जेवताना टाळ्या मिळायच्या, आणि त्या त्याच्या हक्काच्या होत्या.

आता आपलं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यापासून आणि बैल-वळूंच्याही २०१५पासून बंदी आहे, त्यामुळे इथे मिळतं ते म्हशीचं. तिकडच्या पाम्पास कुरणांवरच्या हिअरफर्ड-अँगस गुरांच्या मांसाला चरबीची साथ असते. म्हशीचं गडद लाल, चरबी पांढरी आणि कमी, शिवाय जनावर बहुतेकदा वयाने मोठं. पाठीचा तुकडा चिवट निघतो. म्हणून अंडरकट मागा, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा लांबट मऊ तुकडा. सकाळी लवकर जा, तो आधी संपतो. अख्खा घ्या, वरची पांढरी चिवट पट्टी सुरीने सोलून काढा, मधल्या जाड भागाचे दीड इंचाचे तुकडे पाडा. निमुळतं टोक चिलीफ्रायला ठेवा.

वहिनींना सांगा, पपई नको. अंडरकट मुळात मऊ, पपईने वरचा थर पिठूळ होतो आणि रंग धरत नाही. जाडं मीठ दोन्ही बाजूंनी लावून तासभर तरी फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. आधी पाणी सुटेल, मग मांस ते पिऊन घेईल. तव्यावर टाकण्याआधी फडक्याने टिपा, कारण ओला तुकडा भाजत नाही, उकडतो.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. तेल तव्यावर ओतू नका, मांसालाच बोटाने चोळा. टाकल्यावर चरचर एकसारखी यायला हवी. आवाज बसला की समजा तवा थंड पडलाय. दर मिनिटाला उलटत राहा, कडाही तव्याला टेकवा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६० अंशांना उतरवा. ताटलीत पाच मिनिटं ठेवलं की आणखी दोन-तीन अंश चढतात. तिकडे ह्याला 'आ पुंतो' म्हणतात, आत गुलाबी, रक्ताळ नाही. झाकू नका, वाफेने वरची कुरकुरीत साल जाते. मग धाग्यांना आडवं कापा.

चिमिचुरी आदल्या दिवशी करा. पार्सलीची जुडी बारीक चिरून, मिक्सरमध्ये अजिबात नाही. चार पाकळ्या लसूण, चमचाभर सुकं ओरेगॅनो, अर्धा चमचा मिरचीचे फ्लेक्स, दोन मोठे चमचे व्हिनेगर, चार तेल, आणि मीठ कोमट पाण्यात विरघळवून. पार्सली वाशीच्या भाजी मार्केटात मिळते. मांस त्यात मुरवू नका, ती ताटात वरून घ्यायची.

कोपरखैरणे_ताई:
आमच्याकडे मोठ्याचं चालत नाही. बोकडाचं केलं तर?

तलावपाळीचा_आचारी:
ताई, जरूर करा. अर्जेंटिनातच नेउकेन प्रांताच्या उत्तरेला कोवळा बोकड निखाऱ्यावर भाजतात, तो तिथे नावाजलेला आहे. खाटकाला लहान बोकडाच्या चापा (चॉप्स) एक बोट जाड कापायला सांगा. मीठ तसंच, पण आच मंद. चरबीची कड आधी तव्यावर उभी धरा, ती वितळली की तिच्यातच दोन्ही बाजू भाजा. चापा पूर्ण शिजू द्या, अंडरकटसारख्या गुलाबी ठेवू नका. वर लिंबू पिळा.

नेरूळ_सहावा_मजला:
आभारी आहे. रविवारी सकाळीच अंडरकट आणतो, पार्सली शनिवारी. धुरासाठी स्वयंपाकघराची खिडकी आणि एक्झॉस्ट पुरेल का?

तलावपाळीचा_आचारी:
पुरेल. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल वापरा, ऑलिव्ह फक्त चिमिचुरीत.